पारावर वाचलेलं पान

माणूस रानातून इथवर कसा आला, हे पोरांना कळावं म्हणून गावच्या वाचनालयासाठी पाच पुस्तकं निवडायची होती. मी परतूरच्या शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून काम माझ्याकडं आलं.

आमच्याकडं नवं पुस्तक कपाटात जाण्याआधी त्यातलं एक पान पारावर मोठ्यानं वाचतात. चार पुस्तकं निर्विघ्न पार पडली. पाचव्याचं पान मेंढरं राखणाऱ्या, अख्ख्या गावाच्या मामांनी उघडून माझ्यापुढं धरलं. मेंढपाळ ही मागासलेली अवस्था, शेती करू लागल्यावरच माणूस सुधारला, असं तिथं छापलं होतं. वर्गात मी हेच वर्षानुवर्षं शिकवलं. पण हल्ली गावात चहाच्या टपऱ्याही जातीनं वाटल्या गेल्यात, आणि मी शेतकऱ्याच्या घरातला.

"वाचा की सर, चष्मा इसरले का?" मामा म्हणाले. लोक हसले.

मी ती वाक्यं गाळून वाचलं.

मामांनी चित्रातल्या मेंढरावर बोट ठेवलं. "मंग आमचं काय लिव्हलंय?"

मी म्हणालो, "सुधारणेची सुरुवात तुमच्यापासून झाली, असं लिहिलंय."

"ऐकलं का रे? आमच्यापासून!" मामांनी पुस्तक काखेत मारलं. "नातीकडून समदं वाचून घेतो."

त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. फार स्वच्छ वाचते. दुसऱ्या दिवशी पहिला तास तिच्या वर्गावर होता. मी रजा टाकली.