खालची पट्टी

आमचे हे गेले आणि मी देवावर रुसून चर्चमधली पेटी वाजवणं सोडलं. आज उपासनेआधी मार्थामावशी दारातच म्हणाल्या, “सलाम गं. पेटी पुसलेलीच आहे. दर शनिवारी पुसते मी.”

शरमेनंच पेटीपुढे बसले. बोटं बुजली होती. गीताची पट्टी फारच खाली धरली गेली, तेव्हा कान तापले. पण कुणी वळून पाहिलं नाही. अख्खी मंडळी माझ्या पट्टीत उतरून गाऊ लागली. दुसऱ्या कडव्याला बोटांनी आपणहून एक नवीच हरकत घेतली, आणि मला मान वर करवेना. इतके दिवस वर बघून ज्याला मी जाब विचारत होते, तो खाली येऊन माझ्याच सुरात गात होता.