खुंटीवरची पोत

मेडिकलवाल्यानं आधी माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं. "लगीन झालंय का?"

"न्हाई."

"मग ती गोळी तुमच्या कामाची न्हाई. आई-बापाला घेऊन या." माझ्या मागच्या कॉलेजकुमारानं कंडोमचं पाकीट मागितलं, ते मात्र त्यानं मुकाट्यानं काढून दिलं. मला त्या माणसाची किळस आली.

गोळी हवी होती मैत्रिणीला. परभणीत एका खोलीत राहायचो आम्ही, दोघीही विशीतल्या. तिचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. शनिवारी दुपारी कंडोम फाटला आणि संध्याकाळी ती माझ्यापाशी रडली. दिवस गेले तर शिक्षण बंद आणि मिळेल त्या स्थळाशी लग्न, हे दोघींना ठाऊक होतं. तरी मी पहिल्यांदा काय विचारलं, तर "कोण हाय त्यो?" त्याची लाज आजही वाटते.

वर मी तिला दोन दिवस पपई खाऊ घातली. मी बीएस्सीची. पण शाळेत बाईंनी प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडलेला, आणि गावातल्या बायकांचं सगळं ज्ञान पपईपाशी संपायचं. मंगळवारी सकाळी फोनवर शोधलं तेव्हा कळलं: गोळी बहात्तर तासांच्या आत, जेवढी लवकर तेवढी चांगली. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पपईनं काही होत नाही. म्हणजे हातात फक्त दुपारपर्यंतचा वेळ होता, आणि त्यातच हा नकार.

गॅदरिंगच्या नाटकासाठी पोखर्णीच्या देवळाबाहेर घेतलेली काळ्या मण्यांची पोत खुंटीवर होती. ती मैत्रिणीच्या गळ्यात घातली, कुंकू लावलं आणि तिला त्याच दुकानात पाठवलं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते.

"वहिनी, लगेच घ्या, उशीर करू नका," तोच माणूस लय अदबीनं सांगत होता. "दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागंल. पाळी लांबली तर तपासून घ्या."

सगळं माहीत होतं त्याला. सकाळी मला सांगताना जीभ झडली असती का त्याची?

तिला पाळी आली. पोत पुन्हा खुंटीवर गेली.

परवा शेजारच्या खोलीतली मुलगी दारात उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "ताई, ती पोत देता का?"

मी पोत काढली आणि विचारलं, "किती तास झाले?"