मोरीतली वीतभर जागा

निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी लग्न होऊन पेडगावला आले. काही महिन्यांनी स्वयंपाकघरात भांडी घासायची मोरी बांधायला चारठाण्याकडचा एक गवंडी आला होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

फरशी मांडण्याआधी त्यानं सासूबाईंना विचारलं, "भांडी कोन घासनार?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मंग त्यांना बसू द्या हितं."

मी उकिडवी बसले. मान वर न करता त्यानं मागच्या भिंतीपासून माझ्या गुडघ्यांपर्यंत दोरी धरली आणि पुढच्या कठड्यासाठी गाठ मारली. उठताना माझा हात नकळत पोटाशी गेला. घरात मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं ती गाठ दातांनी सोडवली आणि वीतभर पुढे मारली.

"एवढी जागा कशाला वाया घालवायलास?" सासूबाई करवादल्या.

"पुढं अडचन व्हईल," एवढंच तो म्हणाला.

त्या आत गेल्यावर थापीवरचा चुना पुसत हळूच बोलला, "आमच्या घरच्या मोरीत म्या जागा सोडली न्हवती, बाई. वाकता वाकता तोल गेला माझ्या बायकोचा. दोघंबी गेली."

मोरी झाल्यावर त्यानं तांब्याभर पाणी ओतलं, ते बाहेर पडल्याचं भिंतीला कान लावून ऐकलं आणि निघून गेला.

सातव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. बाराव्या दिवशी मी भांडी घासायला बसले, तर माझ्या पुढ्यात, त्या वीतभर जागेत, राखेचं मडकं ठेवलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "रिकामीच तर हाय जागा."