नंदाखालचा गोरा जावई

केळीच्या बुडाशी मुनवे फुटतात, त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. आमच्या ब्रिगेडियरसाहेबांचे किस्सेही तसेच. एक सांगून होतोय तोवर दुसरा बाजूने डोकं काढतो!

साहेब म्हणजे डेव्हिड. ब्रिटिश लष्करात लेफ्टनंट म्हणून लागले, ब्रिगेडियर होऊन रिटायर झाले. बायको वसईतल्या आमच्या नंदाखाल गावची फिलो, लंडनला नर्स होती. आता दोघं तिच्या माहेरच्या वाडीत राहतात. आमची वाडी कुंपणापलीकडे, त्यामुळे मला सगळं ताजं ताजं कळतं.

*

एकदा बावखलातला, म्हणजे वाडीच्या तळ्यातला, गाळ काढायचं ठरलं. वेळ सकाळी सहाची. साहेब पावणेसहाला फावडं घेऊन हजर! बाकीची मंडळी साडेसातला उगवली.

"वाळवंटात माझे रणगाडेसुद्धा वेळेवर यायचे," साहेब म्हणाले. मराठी त्यांना फिलोनेच शिकवलंय.

"रनगाड्यांना घरी चहा मिळत नसंल!" त्यांचा मेव्हणा पास्कू म्हणाला. त्याने फावडं काढून घेतलं आणि साहेबांना सावलीत खुर्ची दिली. जावयाला कामाला लावायचं नाही, ही इथली रीत.

*

चर्चच्या सणाला साहेब सगळी पदकं लावून आले. ऊन मरणाचं, पण कोटाचं एक बटण उघडं नाही. फिलोच्या मार्था मावशीने एकेक पदक हातात धरून पाहिलं.

"यातलं सोन्याचं कोनतं?"

"एकही नाही, मावशी."

मावशी फिलोकडे वळली. "एवढी वर्सं नोकरी केली आनि सोनं नाय?"

*

लष्करात असताना दोन भांडणाऱ्या टोळ्यांना साहेबांनी कुठेतरी एका टेबलावर बसवलं होतं म्हणे. त्याच भरवशावर पाचूबंदरला भांडणाऱ्या दोन कोळणींच्या मध्ये पडले. घरी आले ते दोघींच्या मासळीचे वाटे विकत घेऊन!

"झाली का शांतता?" फिलोने विचारलं.

"हो. माझ्याविरुद्ध दोघींचं एकमत झालं."

*

एकदा मात्र ते हसले नाहीत. कुंपणापाशी मला म्हणाले, "मी हुकूम दिला की अख्खी ब्रिगेड हलायची. इथे मला खुर्ची हलवू देत नाहीत. मला पुरणार याच गावात ना? मग मी अजून पाहुणा कसा?"

मला वाईट वाटलं. मी त्यांना केळी काढून दिली. त्यांनी "थँक यू" म्हटलं, अगदी पाहुण्यासारखं!

*

आणि मग पास्कूच्या मुलीचं लग्न आलं. आदल्या दिवशी मांडवात कांद्यांचा ढीग पडला होता आणि आम्ही सगळे कापायला बसलो होतो. साहेबांना खुर्ची आणि थंड सरबत दिलेलं. पास्कू आत गेल्याचं पाहून ते हळूच खाली उतरले, सुरी घेतली आणि कांदे कापू लागले.

स्वयंपाकाची सगळी सूत्रं मार्था मावशीकडे होती. ती आली, परातीत हात घातला आणि ओरडली, "ह्ये कोनी कापलं? एवढे जाड? घोड्याला घालायचेत काय?"

साहेबांनी सुरीसकट हात वर केला. पास्कू आतून धावत आला. "मावशी, जावई हाय तो!"

"जावई सनासुदीला! आज घरचं लगीन हाय. ए डेव्हिड, बघतोस काय? सगळे परत काप, बारीक!"

साहेबांनी अख्खी परात परत कापली. मग हात न धुताच विहिरीकडे गेले आणि थेट लंडनला, आपल्या जुन्या जनरलला फोन लावला. इतक्या मोठ्याने बोलत होते, इतके हसत होते की आम्हाला वाटलं, पेन्शन वाढली.

"काय सांगितलंत एवढं?" मी विचारलं.

"सांगितलं, सर, आज मला शिव्या पडल्या!"