वरताळ्याचे पेरू

कोपरगावात विमान उतरत नसे, तरी विमान कंपनीचं कार्यालय होतं, आणि त्या कार्यालयात मी होतो. कंपनी सरकारी. प्रवासी नेण्याचं काम तिच्या थोरल्या बहिणीकडे होतं. हिच्याकडे माल, आणि कुणी अख्खं विमान भाड्यानं मागितलं तर ते. हिनं यात्रेकरू नेले, यंत्रांचे सुटे भाग नेले, एकदा प्रयोगशाळेसाठी माकडंही नेली. पुढे दिल्लीत कुणाला तरी सुचलं की राहाता-कोपरगावचे पेरू विमानानं कुवेतला जावेत. ज्याला सुचलं त्याची बढती झाली आणि माझी बदली.

खताच्या दुकानावरची एक खोली, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा, लहर लागली तर लागणारा फोन आणि हातभर लांबीचं लाकडी विमान. लोक ते विमान बघायला येत. महिन्याभरात सगळ्या गावाचं बघून झालं, मग जिना चढायला कुणाला कारण उरलं नाही. खानावळीत माझ्यासमोरची जागा रिकामी राही. साहेबासमोर भुरका मारता येत नाही, असं तिथल्या मंडळींचं म्हणणं होतं. संध्याकाळी मी गोदावरीच्या पुलावर जाऊन येई. रविवारी दोनदा.

दुसऱ्यांदा जिना चढून आलेलं माणूस एकच, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. चर्चमागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. एकुलती मुलगी कुवेतच्या इस्पितळात नर्स होती, तिला तिकडे जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या खेपेलाही बाईंनी लाकडी विमानाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ नकाशापाशी गेल्या आणि कुवेत कुठे म्हणून विचारलं. मी दाखवलं. त्यांनी कोपरगावच्या अंदाजानं अंगठा टेकला आणि करंगळी ताणली. करंगळी कुवेतच्या थोडी अलीकडे राहिली.

मग दर बाजारच्या दिवशी भाजीची पिशवी खाली ठेवून त्या चहाला येऊ लागल्या. फार बोलत नसू. पेरू सोसायटीचे चेअरमन त्यांचे विद्यार्थी होते. अजून त्याला सतराचा पाढा येत नाही, एवढंच बाईंनी त्यांच्याबद्दल सांगितलं.

थंडीत माल तयार झाला तेव्हा बाईंनी काय ते मागितलं. अंगणात मुलीनं शाळेत असताना लावलेलं पेरूचं झाड होतं. त्याची एक टोपली तिला जावी. सगळा माल कुवेतच्या एका व्यापाऱ्याच्या नावे होता, पण त्या विमानावरचा आमचा एक मेकॅनिक टोपली इस्पितळात पोहोचवायला तयार झाला. प्रश्न उरला वजनाचा. ठरल्या वजनापेक्षा मूठभर जास्त माल विमान घेत नाही. म्हणून मी पेट्यांचा हिशेब असा बसवला की शेवटी बरोबर एका टोपलीची जागा उरावी. नोकरीत मी केलेलं हे सर्वांत नेमकं काम.

रवानगीच्या दिवशी गोदामात पेट्यांचा काटा झाला, मी खडूनं वजनं टाकली आणि मला मांडवात नेऊन बसवलं. ट्रकला हार, टपावर माझं लाकडी विमान. चेअरमन म्हणाले की आज कोपरगावला पंख फुटले. पंखांवर ते बराच वेळ बोलले. मी गोदामात परतलो तोवर पेट्यांना खिळे ठोकून झाले होते.

ट्रकमध्ये ड्रायव्हर, सोसायटीतर्फे एक म्हातारे बागायतदार आणि मी. टोपली माझ्या मांडीवर. बाईंनी ती जुन्या लुगड्यात शिवून दिली होती.

मुंबईला विमानतळावर पुन्हा काटा झाला. पहिली पेटी खडूच्या आकड्यापेक्षा जड भरली. दुसरीही. सगळ्याच. मला वाटलं काटा बिघडलाय. म्हातारेबाबांना मात्र त्यात नवल वाटलं नाही.

“वरताळा घातलाय,” ते म्हणाले. “काटा झाल्यावर पेटीमागं दोन-दोन फळं. नुसतं मापून द्यायचं म्हंजी काय, आमी काय वाणी हाय?”

मोजून झाल्यावर वर थोडं घालायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ज्याला कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही, अशा कुवेतच्या गिऱ्हाइकाला त्यांनी ती लावली होती. साऱ्या वरताळ्याची बेरीज मी राखून ठेवलेल्या जागेएवढी झाली, वर थोडी जास्तच.

माल चढवणारे अधिकारी भले गृहस्थ होते. वरच्या किलोभराकडे ते काणाडोळा करायला तयार होते, टोपलीकडे नाही. सगळ्या पेट्या उघडायला वेळ नव्हता. एक उघडू द्या, म्हटलं, जेवढे काढीन तेवढेच टोपलीतले घालीन.

“वजन तेवढंच राहू द्या,” ते म्हणाले. “मग पेटीत देव घाला.”

म्हातारेबाबांनी पहारीनं फळी उचकटली. आम्ही लुगडं उसवलं आणि तागडीत तोलून अदलाबदल केली. बाईंचे पेरू लहान, जरा वेडेवाकडे. पेटीतले पेरू सोसायटीनं निवडलेले, चेअरमनसारखे गुबगुबीत. फळी पुन्हा ठोकली आणि पेटी त्या ढिगात गेली. लगेच ती कुठली ते मलाही ओळखू येईना.

परतल्यावर मी आधी चर्चमागे गेलो. बाई दारातच उभ्या होत्या. टोपली भरलेली बघून त्यांनी तिच्यावरचं उसवलेलं लुगडं उचललं. मी सगळं सांगितलं. तुमचे पेरू गेले, पण तिच्याकडे नाही, तिथल्या बाजारात.

बराच वेळ त्या लुगड्याची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “शुक्रवारी सुट्टी असते तिला. बाजार करते त्या दिवशी.”

कुवेतमध्ये बाजार किती असतील, हे त्यांनाही कळत होतंच.

“आणि हे कुणाचे?” त्यांनी टोपलीकडे बोट केलं.

“गावाचे. वरताळा.”

त्यांनी विळी काढली, मीठ-तिखट काढलं. आम्ही ओट्यावर बसून एक पेरू अर्धा-अर्धा खाल्ला. कोपरगावात माझ्यासमोर बसून कुणी खाल्ल्याची ती पहिलीच वेळ.

“आमच्या झाडाचे गोड आहेत,” बाई म्हणाल्या, आणि दुसरा चिरायला घेतला.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. पेरू धरले नाहीत, आणि कंपनीनं कार्यालय बंद केलं. लाकडी विमान चेअरमननी मागून घेतलं. नकाशा मी गुंडाळून बाईंना दिला. त्यांनी तो चुलीपासून लांबच्या भिंतीला लावला आणि मी निघेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून चहा केला. करंगळी ताणायची ती मी गेल्यावर, एवढं मला कळलं.