बिनचावीची गाडी आणि मामाची साडी

गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी आमच्या ह्यांच्या, म्हणजे सतीशच्या, हातात हातभर लांब पुठ्ठ्याची चावी देऊन फोटो काढला. खरी चावी मात्र नव्हतीच! फोन खिशात घेऊन जवळ गेलं की गाडी उघडते, लांब गेलं की आपोआप बंद होते. शिवाय अडीनडीला पाकिटात ठेवायला एक कार्ड. पुढच्या गाड्या म्हणे मालकाचा चेहरा बघून उघडणार, बोटाच्या ठशावर सुरू होणार. "आणि पेट्रोल कोण भरणार?" मी विचारलं. सतीशनं ऐकलंच नाही. तो गाडीपासून लांब जायचा, परत जवळ यायचा आणि दर वेळी मला हाक मारायचा, "सुनीता, बघ, उघडली!" सोसायटीच्या वॉचमननंही कौतुक करून करून शेवटी तोंड फिरवलं.

त्यात भाचीचं लग्न आलं. सतीशची थोरली बहीण, आमच्या आक्का, सदलग्याला दिलेल्या. त्यांची एकुलती एक लेक शिवानी. आमच्याकडं अक्षता पडताना नवरी मामानं आणलेली साडीच नेसते. ती साडी सतीशनं बेळगावात शहापूरच्या विणकराकडं हातमागावर विणायला सांगितली होती. तेव्हा पुण्याहून आधी बेळगाव, साडी घेऊन मागं निपाणी, तिथून सदलगा, असा उलटासुलटा बेत ठरला.

जाणाऱ्यांसाठी सांगते, सातारा ते कोल्हापूर रस्त्याचं काम चालूच आहे. वळणरस्ते इतके की मध्येच आपण परत पुण्याला निघालो की काय असं वाटतं. पहाटे निघा आणि फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. कागल ओलांडलं की पाट्या कानडी होतात आणि चहा जास्त गोड होतो. माणसं मात्र तीच, फक्त एका वाक्यात दोन भाषा बोलणारी.

शहापुरात साडी बघितली आणि मी बघतच राहिले. हळदीसारखी पिवळी, लालभडक काठ. विणणाऱ्या मावशींनी ती माझ्या हातात देताना पदरावरून एकदा हात फिरवला. "पोरगीला नेसवल्यावर फोटो पाठवा हां," म्हणाल्या. मला तर माझं लग्न पुन्हा करावंसं वाटलं, नवरा तोच असला तरी. रात्री तिथल्याच एका लॉजवर राहिलो, खव्याचा कुंदा खाल्ला, घरी न्यायला कागदासारखे पातळ मांडे घेतले. मांडे मांडीवर घेऊन बसा. डिकीत ठेवलेत तर चुरा खावा लागेल.

दुसऱ्या दिवशी हत्तरगी, संकेश्वर करत तवंदी घाट उतरलो. निपाणी हे सतीशचं मूळ गाव; तिथं नाष्ट्याला थांबलो, तर सतीशला तंबाखूच्या वखारीतला एक जुना वर्गमित्र भेटला. झालं, गाडीचं प्रात्यक्षिक सुरू! ठशावर उघडणाऱ्या गाड्यांचं ऐकून मित्र आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत म्हणाला, "तंबाखू मळून मळून आमचं ठसं ऱ्हायल्यात कुठं? आम्हाला तर आमचीच गाडी चोर म्हणंल."

सदलग्याचा रस्ता उसातून जातो. पुढं ट्रॅक्टर लागला तर त्याच्या गतीनं गाणी ऐका, दुसरा उपाय नाही. आक्कांच्या दारात पोचलो तेव्हा हलगी कडाडत होती आणि आक्का ताम्हण घेऊन उभ्या होत्या. नव्या गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली आणि हात पुढं केला.

"चावी दे रं. देवाम्होरं ठिवते, मग गाडीला लावून पूजा पुरी करू."

सतीशनं फोन दिला.

"ह्यो फोन हाय."

"हीच चावी आहे, आक्का."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "ह्येचं बरं हाय न्हवं गं?"

पण नव्या गाडीची चावी पुजायची म्हणजे पुजायची. आक्कांनी फोनला ओलं हळदकुंकू लावलं, वर तीर्थ शिंपडलं आणि तो देवघरात नेऊन ठेवला. फोन लांब गेला, गाडीनं इमानानं दारं लावून घेतली. मामाचा आहेर वाजतगाजत आत न्यायचा असतो, म्हणून साडी मागच्या सीटवरच होती. सतीशचं पाकीट आणि पाकिटातलं कार्डही तिथंच.

हळद उरकल्यावर फोन आणला तर तो धुगधुगीवर होता. चार्जर लावला, तर फोन म्हणाला, आत ओलावा आहे, चार्ज होणार नाही. आणि मिटला. माझ्या फोनात चावी होती का? नव्हती. 'उद्या देतो, उद्या देतो' म्हणत माणसानं ती एकट्याकडंच ठेवली होती! कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवलाय."

मांडवातलं सगळं वऱ्हाड गाडीभोवती जमलं. काचेतून साडी दिसत होती, हात काही पोचत नव्हता. "आता चेहरा बघून उघडणाऱ्या गाड्या येणार म्हनं," एकजण म्हणाला. "मग नवरदेवाचं कसं? मुंडावळ्यांत त्येचा चेहरा आम्हालाच दिसंना!" लोक हसले. मीही हसले असते, पण मुहूर्त जवळ आला होता आणि आक्कांचा चेहरा बघवत नव्हता.

नवरदेवाच्या मावशी समजूत काढत म्हणाल्या, "आमची साडी नेसवा की. ती बी चांगलीच हाय."

आतून शिवानीचा आवाज आला, "माझ्या मामानं आणलीया. नेसली तर तीच नेसणार!"

आक्का मटकन जोत्यावर बसल्या. "मीच मेलीनं पाणी शिंपाडलं," म्हणून रडायलाच लागल्या.

तेव्हा सतीश उठला, कुंपणाकडं गेला आणि चांगला दोन्ही हातांनी धरावा असा दगड घेऊन आला. अहो, हा माणूस गाडीवर धूळ दिसली की रुमाल काढणारा! "बाजूला व्हा सगळी," म्हणाला. मला इतकं भरून आलं की मीच पोरांना मागं ओढलं.

"थांब!" आक्का ओरडल्या. "अर्ध्या पूजेत नव्या गाडीवर दगड घालतोस व्हय? चावी लावायची ऱ्हायलीया अजून."

"आक्का, फोन बंद पडलाय गं."

"पडू दे. मुडद्या, दगड ठेव खाली."

त्यांनी डोळे पुसले, कुंकवानं माखलेला तो मेलेला फोन कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटल्या आणि दाराच्या हँडलला टेकवला.

खट्ट! दार उघडलं.

मग जी हलगी सुटली! एका आजीनं गाडीलाच हात जोडले. सतीश दगड छातीशी धरून ओरडत होता, "बॅटरी संपली तरी थोडा वेळ हँडलला टेकवून उघडतं! शोरूममध्ये सांगितलं होतं, मी तेव्हा फोटो काढत होतो!" त्याचं कोण ऐकतंय? साडी केव्हाच वाजतगाजत आत गेली होती. शिवानी ती नेसून मामाचा हात धरून बाहेर आली, तेव्हा मी मनसोक्त रडून घेतलं. जेवणात शेवटी भात-आमटी होती, ती चुकवू नका.

पुण्याला आलो तरी गाडीच्या फटीतलं कुंकू अजून निघत नाहीये. विणकर मावशींना फोटो पाठवला. सतीशनं पहिल्या झटक्यात माझ्या फोनात चावी पाठवली, आणि मग माझ्या सांगण्यावरून आक्कांनाही. शिवानीनं सासरी जाताना आपला फोन त्यांना दिलाय. आक्का गाडी चालवत नाहीत, चालवणारही नाहीत. लगेच त्यांचा फोन आला.

"सुनीता, ही चावी माझ्याजवळच ठिवायची? कायमची?"

"कायमची, आक्का."

मग म्हणाल्या, "आई गेली, निपाणीचं घर इकलं. तवापास्नं माहेरची चावी कुणी दिली न्हवती बघ. दिवाळीला येते. गाडीचं दार मीच उघडणार, सांगून ठिव त्येला."