आत्याच्या दम्यासाठी मातीची भिंत

घराचं काम निघालं की घरच्यांच्या वाट्याला धूळ येते आणि नातेवाइकांच्या वाट्याला किस्से. मी राहतो धारला, काम निघालं देवासला, आत्याच्या घरी. मला रोज डायरी लिहायची सवय आहे. नळ किती वाजता आला, सिलिंडर कधी लावला, कोण आलं, कोण गेलं. गेल्या वर्षी मात्र पानंच्या पानं एका भिंतीने खाल्ली. त्यातले काही प्रसंग इथे उतरवतोय. पदरचं काही घातलेलं नाही. गरजच पडली नाही!

सुमनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याहत्तर, दमा जुना. घरात मुलगा विलास आणि सून रश्मी. हॉलच्या भिंतीला ओल धरली, पोपडे सुटले आणि आत्याचा दमा उसळला. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "ओल काढा आणि उग्र वासाचा रंग लावू नका."

या एका वाक्याचा विलासने प्रोजेक्ट केला. "दादा, फुल इको-फ्रेंडली करतोय. सगळं आईसाठी! पंधरा दिवस तिला तुझ्याकडे ठेव."

आत्या चार पातळं घेऊन आमच्याकडे आली. सोळाव्या दिवशी मी फोन केला, "भिंत कुठवर आली?"

"थीम फायनल होऊन राहिली आहे," विलास म्हणाला.

*

थीमसाठी इंदूरहून एक कन्सल्टंट आला होता. अंगात खादीचा कुर्ता, मनगटात रुद्राक्ष, पायात विलायती बूट. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "इसकी साँस घुट रही है."

विलासने हे मला फोनवर अगदी गहिवरून सांगितलं. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आत्या दम्याचा पंप ओढत होती. पंप खाली ठेवून ती म्हणाली, "तिचं झालं की माझंही बघा म्हणावं."

*

मग नमुने आले. मातीच्या गिलाव्याच्या अकरा छटा, अकरा फोटो. प्रत्येकीला वेगळं नाव. मी चष्मा लावून पाहिले, काढून पाहिले. सगळ्या मातीच्याच रंगाच्या!

आत्याने फोन हातात घेतला, एकेक फोटो सरकवला आणि काळजीने विचारलं, "अरे मुकुंदा, हा मागचं अंगण कशाला खणतोय?"

शेवटी रश्मीने सातवी छटा निवडली. त्या छटेला जुना सोफा शोभेना, म्हणून नवा घेतला. नव्या सोफ्याला असा काही केमिकलचा वास, की तो महिनाभर गच्चीवर उघडा ठेवावा लागला. भिंत इको-फ्रेंडली होती, सोफा फक्त मॅचिंग होता.

*

कामावर कन्नौदचा बाबूलाल मिस्त्री होता. साधा, सरळ माणूस. तो विलासला म्हणाला, "भिया, ओल निकाल के चूना पोत दो. पंधरा दिन में माताजी घर में."

वास नाही, ढोंग नाही, भिंतही कोरडी राहते. पण अडचण अशी, की समोरच्या घराने नुकताच चुना केला होता. आणि समोरचे धाकट्या पातीचे!

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. देवास एकच गाव, पण तिथे पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या आत्याचं सासर थोरल्या पातीच्या दफ्तरातलं. राज्यं जाऊन तीन पिढ्या झाल्या, पण पाती अजून गेल्या नाहीत. विलास मराठी पेपर धड वाचू शकत नाही, पण आपण थोरल्या पातीचे हे त्याला पक्कं पाठ.

"दादा, त्यांनी केलं तेच आपण करायचं? लोग क्या बोलेंगे?"

मी हे आत्याला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "त्यांचा चुना वाळला का?"

"वाळला की. बारा दिवसांत झालं काम."

"मग त्यांच्याकडे एखादी खोली रिकामी असेल तर विचार. मी जाते राहायला."

*

आमच्याकडे दूध घालायला तिरल्याजवळच्या खेड्यातून कमलाबाई येते. एकदा आत्या तिला फोनवर तो सातव्या छटेचा नमुना दाखवत होती. माती, भुसा, शेण, सगळं नैसर्गिक.

कमलाबाई हसायलाच लागली. "यो तो म्हारे घर में भी हे! म्हारो छोरो तो इके हटई के टाइल लगावा को बोले."

"तुझ्या घरात दम लागतो का गं कोणाला?" आत्याने विचारलं.

"नी, बई. कोई के नी."

त्या दिवशी आत्या विलासला फोनवर म्हणाली, "मला तिरल्याला पोचवा. तिथे भिंत तयार आहे." विलासला वाटलं, आई गंमत करते. मला तसं वाटलं नाही. कारण फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्याकडे काही कमी नाही रे. पण दम लागायचाच तर माझ्या घरात लागू दे."

*

चौथ्या महिन्यात भिंतीला गिलावा लागला. मातीत कालवायला ड्रमभर गूळपाणी आंबवलं होतं. कन्सल्टंटच्या मते प्राचीन पद्धत. बाबूलालने विचारलं होतं, "भिया, इतना गुड़?" त्याला गप्प बसवलं गेलं.

आठवड्यात मुंग्या आल्या. खिडकीपासून छतापर्यंत सरळ रांग, जणू त्यांनाही गृहप्रवेशाचं बोलावणं होतं! विलासने घाबरून फोन केला, तर कन्सल्टंट प्रसन्न. "ये तो अच्छा साइन है. दीवार ज़िंदा है."

पण जिवंत भिंत रश्मीला नको होती. तिने कीटकनाशक फवारणारा माणूस बोलावला. त्याने सातव्या छटेवर तीन हात मारले. इको-फ्रेंडलीचं काय, असं मी नंतर विलासला विचारलं, तर कन्सल्टंटचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: "स्प्रे तो बाहर से हुआ है. अंदर से वॉल नैचुरल ही है."

मुंग्यांचं आणि फवाऱ्याचं आम्हाला दारात पोचल्यावर कळलं. काम झालं असं समजून मी त्याच आठवड्यात आत्याला गाडीने घेऊन गेलो होतो. ती उंबऱ्यापर्यंत पोचली. आत पाऊल टाकण्याआधीच अशी ढास लागली, की मी तिला तशीच परत गाडीत बसवली. इंदूर मागे पडलं, बेटमा आलं. मग खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "मुंग्या मेल्या का पण?"

*

फवाऱ्याचा वास जायला पुढचे तीन महिने गेले. मग एका रविवारी देवासला छोटी पूजा ठेवली. चाळीसेक पाहुणे, कन्सल्टंट, आणि फोटो काढायला त्याने आणलेला एक माणूस. विलास दारातच प्रत्येकाला सांगत होता, "सगळं आईसाठी केलं. फक्त भिंतीला हात लावू नका. कच्ची माती आहे, डाग निघत नाही." खुर्च्या भिंतीपासून दोन हात लांब मांडल्या होत्या. खिळा मारायचा नाही, म्हणून काकांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, फोटो स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला होता.

त्या दिवशी धारहून निघण्याआधी आत्याने माझ्या बायकोकडून डोक्याला भरपूर तेल लावून घेतलं होतं. खोबरेल, चांगलं दोन वाट्या.

आत्या घरात आली. हॉलच्या मधोमध थांबून तिने एक मोठा श्वास घेतला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. खोकला आला नाही. तिने दुसरा घेतला. मग खुर्च्यांची रांग ओलांडून ती सरळ खिडकीखाली गेली, जमिनीवर बसली, पाय लांब केले, आणि पाठ, मान, डोकं सगळं भिंतीला टेकवून तिने डोळे मिटले.

कन्सल्टंटच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"आई!" रश्मी ओरडली.

"आई, उठ ना! डाग पडेल!" विलास धावला.

आत्याने डोळे उघडले. डोकं पुढे घेतलं, मान वळवली आणि मागे पाहिलं. सातव्या छटेवर बशीएवढा काळपट गोल उमटला होता.

"पडला की," ती म्हणाली.

मग ती वीतभर डावीकडे सरकली आणि पुन्हा टेकली.